सोनटक्क्यांचा कच्चा पीस

आमच्या शेजारचे सोनटक्के पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले, तेव्हा त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "बिनआल्याचा कुठाय?"

माझ्या बायकोला, वैशालीला, वाटलं की त्यांना आलं चालत नसेल. ती बिचारी ओशाळली आणि दुसरा करून आणते म्हणाली. पण तसं काही नव्हतं. चहा देताना आई सहज बोलून गेली होती की आलं घातलंय, घशाला बरं वाटेल. आता घशाला बरं वाटतंय ते आल्यामुळे की नुसत्या गरम पाण्यामुळे, हे कळायचं तर शेजारी बिनआल्याचा कप हवा, असं सोनटक्क्यांचं म्हणणं. वैशालीनं खरोखरच दुसरा कप केला. त्यांनी दोन्ही कपांतले घोट आलटून पालटून घेतले, डोळे मिटून घशाकडे लक्ष दिलं आणि निकाल सांगितला, "फरक हाय. पण एका दिवसावरून सांगता येत न्हाई." तेव्हापासून सोनटक्के आले की आमच्याकडे त्यांच्यापुढे दोन कप ठेवले जातात. बाकीच्या पाहुण्यांना आम्ही एकच देतो.

सोनटक्के मूळचे परभणीकडचे. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. भट्टीत घालून गिअर कडक करतात, त्या खात्यात. तिथे त्यांची एक पद्धत होती. भट्टीत माल गेला की त्याच मालातला एक गिअर न भाजता बाजूला काढून ठेवायचा आणि भाजून आलेला माल त्याच्याशी ताडून बघायचा. नाहीतर कडकपणा भट्टीनं आणला की लोखंड मुळातच तसं होतं, हे समजणार कसं? या बाजूला ठेवलेल्या गिअरला ते कच्चा पीस म्हणत. निवृत्त होताना माणसं शाल, श्रीफळ आणि घड्याळ घेऊन घरी येतात. सोनटक्के कच्चा पीस घेऊन आले.

त्यानंतर त्यांनी जगातल्या कुठल्याही गोष्टीत तो सोडला नाही. सोसायटीतल्या कुणीतरी त्यांना केस उगवणारं तेल आणून दिलं, तर ते त्यांनी तीन महिने डोक्याच्या फक्त डाव्या बाजूला लावलं. उजवी बाजू कच्चा पीस. तीन महिन्यांनी दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत होत्या, पण उशीचा अभ्रा मात्र डावीकडून कायमचा वाया गेला. मध्यंतरी आमच्या लिफ्ट सारख्या बंद पडायला लागल्या म्हणून कुणीतरी लिंबू-मिरची बांधायची कल्पना काढली. सगळ्यांना वाटलं, सोनटक्के आता हसणार. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "बांधा. पण ए विंगच्या लिफ्टला बांधा आन बी विंगची तशीच सोडा." सहा महिन्यांत ए विंगची लिफ्ट दोनदा बंद पडली आणि बी विंगची तीनदा. लिंबूवाले खूश झाले. सोनटक्के म्हणाले, दोन आणि तीन यात बोलण्यासारखा फरक नसतो, अजून दोन वर्षं बांधा. तेव्हा लिंबूवालेच कंटाळले.

त्यांच्या निरोपसमारंभात म्हणे साहेबांनी भाषण केलं की सोनटक्क्यांमुळे मालाचा दर्जा फार वाढला. उत्तराला उभे राहून सोनटक्के म्हणाले, मी नसतो तर किती वाढला असता ते कुणी बघितलंय का? टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना.

आमची आणि त्यांची मधली भिंत एक. त्यांची पत्नी, निर्मलाबाई, तीन वर्षांपूर्वी गेल्या. तिकडून कधी टीव्हीचा आवाज येत नाही, भांड्यांचाही फारसा येत नाही. वही उघडल्याचा आवाज येत असता तर तो मात्र रोज आला असता. सकाळी गॅलरीत उभं राहून ते काहीतरी लिहीत असतात. काय लिहिता असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बघायलोय." मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, एकट्या माणसाला काहीतरी विरंगुळा लागतो.

आता आमच्या घरचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझ्या आईला दमा आहे. दिवाळी संपली की आमच्या रहाटणीतली हवा जड व्हायला लागते. जिकडेतिकडे बांधकामं, खणलेले रस्ते, शेकोट्या, चाकणकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगा, आणि थंडीमुळे ही सगळी धूळ खालच्या खालीच राहते. गेले दोन हिवाळे आईला श्रीगोंद्याला माझ्या बहिणीकडे पाठवावं लागलं. बहीण जीव लावते, मेहुणेही चांगले. पण आई म्हणते, "लेकीच्या घरी चार दिवस बरं असतं. चार महिने राहिलं की आपलंच ताट आपल्याला जड वाटतं." इकडे माझी सहा वर्षांची मनू आजीशिवाय झोपत नाही. दोन्ही हिवाळे तिनं आजीचं लुगडं उशाशी घेऊन काढले. या वर्षी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की आता पुन्हा ॲटॅक आला तर यापुढे यांना हिवाळ्यात इथे ठेवूच नका. त्यामुळे आई घरी राहणार की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही या हिवाळ्यात शिरलो.

अशात तापकीर आण्णांनी पाऊस पाडायचं काढलं.

तापकीर आण्णा इथले मूळचे गावकरी, मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. त्यांनी आमच्या बाजूच्या सोसायट्या आणि चाकणकडचे छोटे कारखानदार एकत्र आणून एक मंच उभा केला. परराज्यातली एक एजन्सी त्यांना भेटली होती. हिवाळ्यात जेव्हा केव्हा ढग येतील, तेव्हा एजन्सीचं छोटं विमान वर जाणार, पंखाला बांधलेल्या नळकांड्यांतून मिठासारख्या बारीक कणांचा धूर ढगात सोडणार, ढगातून पाऊस पडणार आणि धूळ खाली बसणार. दुष्काळासाठी असा पाऊस पाडायचे प्रयोग आम्ही ऐकून होतो. धुळीसाठी हे नवीन होतं. मला या मंचाचा सचिव करण्यात आलं. सोसायटीचा सचिव मी होतोच. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो आमच्याकडे सचिव होतो.

पहिल्या सभेत एजन्सीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली. विमान, ढग, मग भिजलेलं गाव. सोनटक्क्यांनी हात वर केला.

"न फवारता किती पडला असता?"

एजन्सीचा माणूस पाणी प्यायला. सोनटक्के उभे राहिले आणि त्यांनी आपली योजना मांडली. एका डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांवर 'फवारा', निम्म्यांवर 'सोडा'. ढग आले की डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची. 'सोडा' निघालं तर विमान उडवायचं नाही, नुसता पाऊस मोजायचा. असे भरपूर ढग झाले की दोन्हींची तुलना करायची. तेव्हाच काय ते कळेल.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आण्णांनी माईक हातात घेतला, जो त्यांना कधीच लागत नाही. "सोनटक्के, थंडीत ढग येतो किती येळा? दोनदा, लई तर तीनदा. आमी देवाकडं ढग मागायचा, आन आला की चिठ्ठी काढून परत धाडायचा व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि खरं सांगायचं तर मला सोनटक्क्यांचा रागही आला. मला कच्चा पीस नको होता, मला पाऊस हवा होता. शेवटी तोड निघाली, की ढग सोडायचा नाही, गाव सोडायचं. फवारणी चाकण-महाळुंग्याच्या बाजूला करायची आणि माण गाव न फवारता ठेवायचं. दोन्हीकडे पर्जन्यमापक बसवायचे आणि किती पाऊस झाला ते ताडून बघायचं. सोनटक्क्यांचं समाधान झालं नव्हतं, पण अजिबात कच्चा पीस नसण्यापेक्षा एक तरी असलेला बरा, म्हणून ते कार्यक्रमाचं मूल्यमापन करायला तयार झाले.

त्यांनी दोन पर्जन्यमापक आणले आणि आठवडाभर घरी ठेवून मोजून-मापून पाणी ओतत त्यांची परीक्षा घेतली. मग एक महाळुंग्याला, मी नोकरी करतो त्या कंपनीच्या मोकळ्या आवारात बसवला, आणि दुसरा माणमध्ये आण्णांच्या बहिणीच्या अंगणात. धुळीसाठी आणखी वेगळंच. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांना खोबरेल तेलाचा हात लावून ते त्यांनी सोसायटीतल्या गॅलऱ्यांमध्ये ठेवले. तासातासानं ते येऊन फरशी उचलून बघायचे, पुसायचे आणि पुन्हा तेल लावायचे. मनूला वाटायचं की काका फरशीला मालिश करतात.

मी मात्र सचिवपदाच्या कामात होतो. दिवाळीच्या सुमाराला पाणी एक दिवसाआड येत होतं आणि आमच्या आवारात रोज सकाळी पाणी मारून झाडायची पद्धत होती. मी ती बंद केली. यापुढे आवारात पाणी मारण्यास सक्त मनाई आहे, अशी नोटीस काढली आणि खाली माझी झोकदार सही केली. सोनटक्के त्या नोटिशीसमोर बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "प्रमोदराव, हे मागं घेता का? निदान तुमच्या गॅलरीखाली तरी?" मी म्हणालो, सचिवाच्या गॅलरीला वेगळा नियम लावला तर लोक काय म्हणतील? "हाव, तेबी बरोबर हाय," असं म्हणून ते निघून गेले. का म्हणता, असं मीच त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

डिसेंबर कोरडा गेला. आई बरी होती. जानेवारी लागला, संक्रांत झाली, तरी आई बरी होती. रात्रीचा खोकला नाही, दम्याचा पंपही क्वचित. आणि मग एका दुपारी ढग आले. मी कंपनीच्या गच्चीवरून विमानाची घरघर ऐकली. पाचच्या सुमाराला खरोखर भुरभुर सुरू झाली आणि बघता बघता चांगली सर आली. शिफ्ट सुटलेली माणसं हेल्मेट काढून हसत भिजत उभी होती. आण्णांनी सगळ्या सोसायट्यांत जिलेबी वाटली. मी आईला फोन करून सांगितलं की आता तुला कुठे जायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनटक्के आणि मी महाळुंग्याला गेलो. आवारात डबकी साचली होती, गाड्यांवरून अजून ओघळ दिसत होते. सोनटक्क्यांनी पर्जन्यमापक उघडला. आत एक थेंब नव्हता. त्यांनी नळी उपडी केली, बोट घालून पाहिलं. खडखडीत कोरडी.

एवढ्यात गेटवरचे बिराजदार मामा लगबगीनं आले. चेहरा अभिमानानं फुललेला. "साहेब, पहिला थेंब पडला तसा पळत आलो आन बादली उपडी घातली वरून. एक थेंब आत जाऊ दिला न्हाई."

मला काही कळेना. मामांनी बोट दाखवलं. यंत्राच्या अंगावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. कारखान्यात मोजमापाच्या प्रत्येक उपकरणाला अशी चिठ्ठी असते, आणि तीस वर्षांच्या सवयीनं सोनटक्क्यांनी ती स्वतःच्या हातानं इथेही लावली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'तपासणी झालेले उपकरण. ओलाव्यापासून जपावे.'

सोनटक्क्यांनी आपलीच चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटलं, आता मामांचं काही खरं नाही. पण त्यांनी मामांचा हात हातात घेतला. "तीस वर्षं ह्या चिठ्ठ्या चिकटवल्या मी," ते म्हणाले, "वाचून पाळणारा माणूस आज भेटला."

माणला आण्णांच्या बहिणीनं मापक नीट उघड्यावर ठेवला होता. त्यात साडेतीन मिलिमीटर पाऊस होता. म्हणजे कागदावर असं दिसत होतं, की जिथे फवारलं तिथे टिपूसही नाही आणि जिथे सोडलं तिथे पाऊस. आण्णांनी दोन्ही आकडे ऐकले, थोडा विचार केला आणि विचारलं, "म्हंजी आपण फवारला म्हणून तिकडं पळून गेला का काय?"

त्या हिवाळ्यात पुन्हा ढग आला नाही. सोनटक्क्यांचा अहवाल एका पानाचा होता. कार्यक्रमामुळे पाऊस पडला का? सांगता येत नाही. कार्यक्रमाशिवायही पडला असता का? माणमध्ये पडला, त्यामुळे असू शकतं, पण हेही सांगता येत नाही. मोजमापात चूक झाली का? होय. कोणाची? सोनटक्क्यांची. खाली सही, तारीख. बिराजदार मामांचं नाव अहवालात कुठेही नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी सभा झाली. पुढच्या हिवाळ्यात कार्यक्रम करायचा की नाही, हे ठरवायचं होतं. सोनटक्क्यांनी अहवाल वाचला आणि सभा पडेल चेहऱ्यानं बसून राहिली. मला ते बघवेना. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की आकडे चुकले असतील, पण माझ्याकडे पुरावा आहे. माझी आई. दोन वर्षं तिला इथे श्वास घेता आला नाही, आणि या वर्षी सबंध हिवाळा ती घरी आहे, एकही ॲटॅक नाही. याहून आणखी कसला निकाल हवा? टाळ्या पडल्या. मग सगळ्या माना सोनटक्क्यांकडे वळल्या. आता ते कच्चा पीस मागणार, हे लहान मुलालाही ठाऊक होतं. बी विंगमधल्या कुणीतरी तर हळूच ते शब्द पुटपुटलेही.

सोनटक्के माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आई बऱ्या हायेत, हे खरं हाय. तेवढं लिहून घ्या. कशानं, ते लिहू नका."

माझा तोल गेला. मी भर सभेत त्यांना म्हणालो, "सोनटक्के, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत का? माझी आई बरी झाली, त्यातही तुम्हाला चूक काढायची आहे?"

ते वही बगलेत मारून खाली बसले. आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लिफ्टमध्ये भेटलो तर दोघंही मजल्यांच्या आकड्यांकडे बघायचो. घरात मी माझंच कसं बरोबर होतं हे सांगत होतो आणि आई गप्प राहून वाटाणे सोलत होती. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात सोनटक्के. एका हातात झाडांना पाणी घालायची झारी, दुसऱ्या हातात वही.

"चार दिवस परभणीला चाललोय," ते म्हणाले. "पुतणीचं लग्न हाय. रोज सकाळी सहाच्या आत, मावशी झाडायला यायच्या आधी, तुमच्या गॅलरीखालच्या पट्ट्यावर चार झाऱ्या मारा. माती ओली व्हायला पाहिजे, चिखल न्हाई."

"कशासाठी?"

त्यांनी आमच्या मधल्या भिंतीकडे पाहिलं. "आईंसाठी," ते म्हणाले.

मी त्यांना आत घेतलं. हळूहळू सगळं कळलं. त्या तेलाच्या फरश्यांत आमच्या गॅलरीतली फरशी सगळ्यात मळायची, आणि तीही सकाळी सहा ते सात या एका तासात. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चालू आहे, तिथली माती आमच्या भिंतीलगतच्या पट्ट्यावर येऊन पडते. आधी ती पाणी मारून झाडली जायची. माझ्या नोटिशीनंतर ती कोरडीच झाडली जाऊ लागली, आणि बरोबर त्याच वेळी आई वर गॅलरीत जपाची माळ घेऊन बसते. सोनटक्के मला सांगायला आले होते. मी त्यांना लोक काय म्हणतील ते ऐकवलं होतं.

मग त्यांनी नोटीस मोडली. नळाचं पाणी वापरलं नाही, कारण नियम म्हणजे नियम. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे वाया जातं, ते बादलीत साठवलं. एकट्या माणसाच्या मशीनचं पाणी पुरेना, तेव्हा आमच्या मशीनचंही घेतलं. ते त्यांना कोण देत होतं, हे विचारायची गरज पडली नाही. आई आतून म्हणाली, "मी द्यायची. तुला सांगितलं असतं तर तू नोटीस वाचून दाखवली असतीस." आमच्या स्वयंपाकघरातली ती बादली रोज सकाळी रिकामी असायची. मला वाटायचं, वैशाली त्या पाण्यानं फरशी पुसते.

म्हणजे दिवाळीपासून मार्च लागेपर्यंत, कडाक्याच्या थंडीतही, रोज सकाळी सहाच्या आत हा माणूस झारी घेऊन माझ्या आईच्या गॅलरीखाली उभा होता. आणि मी भर सभेत त्याला विचारलं होतं, की तुम्हाला माणसं दिसत नाहीत का.

मी हात जोडले. एवढंच विचारलं, "मग सभेत का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? कच्चा पीस कुठं होता माझ्याकडं?" ते म्हणाले. "पाण्यानंच बरं वाटलं का आणखी कशानं, हे कळायचं तर एखादी सकाळ कोरडी सोडायला पाहिजे होती. मग कान देऊन ऐकायचं, त्या दिवशी खोकला येतोय का. दर सोमवारी ठरवायचो, उद्या सोडू." त्यांनी झारी या हातातून त्या हातात घेतली. "सोडवली न्हाई, प्रमोदराव. निर्मलाच्या वेळी मी नुसता लिहीत बसलो. किती वाजता खोकली, किती वेळ खोकली. सगळी वही भरली."

आईनं दोन कप आणून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी या वेळी काही ताडून पाहिलं नाही. दोन्ही कप पिऊन टाकले, झारी आणि वही आमच्याकडे ठेवली आणि बॅग भरायला गेले.

तेव्हापासून मी लोकांना सांगत असतो की आमच्या शेजारी सोनटक्के राहतात. काही माणसांचे उपकार फेडायचे नसतात, ते मान्य करायचे असतात, आणि मला तर ते सभेत जितक्या मोठ्यानं मी चुकीचं बोललो तितक्याच मोठ्यानं मान्य करायचे होते. मी आण्णांना जाऊन माझा पुरावा मागे घेतला. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हातारी बरी हाय न्हवं? मंग झालं." पुढच्या हिवाळ्यात विमान येणार आहे. पण चिठ्ठ्यांचा डबाही येणार आहे, आणि आण्णांनी स्वतः सांगितलंय की मापकाला कुणी काही चिकटवायचं नाही. नोटीसही मी काढून टाकली आणि मशीनचं पाणी साठवून पट्ट्यावर मारायला सगळ्या घरांना सांगितलं.

पण ते नंतरचं. त्या चार दिवसांतल्या पहिल्या सकाळी, स्वेटर घालून, स्वतःच्याच सहीची नोटीस भिंतीवर बघत मी चार झाऱ्या पाणी मारलं. माती ओली झाली, थोडा चिखलही झाला. वर गॅलरीत आई येऊन बसली. तिनं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "त्यांचा हात हलका आहे तुझ्यापेक्षा." मग माळ ओढायला लागली. मावशी आल्या, झाडून गेल्या. धूळ उडाली नाही.

वर येऊन मी सोनटक्क्यांची वही उघडली. स्वच्छ अक्षरात चार रकाने आखलेले. तारीख. किती झाऱ्या. आईंचा खोकला. आणि चौथा, कच्चा पीस. पहिले तीन रकाने दिवाळीपासून रोज भरलेले होते. तिसऱ्यात आधी आकडे होते, मग शून्य, शून्य, आणि पानंच्या पानं शून्य. चौथ्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काहीच नव्हतं.

मी तारीख लिहिली. झाऱ्या चार. भिंतीला टेकून थोडा वेळ गॅलरीकडे कान दिला आणि पुढे शून्य लिहिलं. चारही दिवस असंच केलं. शेवटचा रकाना मीही रिकामा ठेवला.